बीएस्सी नर्सिंगचं पहिलं वर्ष : नक्की काय काय अंगावर येतं?

निशिगंध_बार्शी :
नमस्कार. सीईटी दिली होती, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राउंडला पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी नर्सिंग मिळालं. पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू. घरात आणि नात्यात या लाइनमधलं कोणीच नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न आहे. यूट्यूबवर व्हिडिओ बघितले, त्यात सगळ्या मुली कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये हसत चाललेल्या असतात. कॉलेजातल्या एका सीनियर ताईला फोन लावला तर ती म्हणाली झोप काढून घे आत्ताच.

अभ्यास किती असतो, बारावीपेक्षा अवघड का? वॉर्डात कधीपासून पाठवतात? पहिल्याच वर्षी नाईट असते का (हे आई विचारतेय)? माझी दहावीपर्यंत पूर्ण मराठी मीडियम, अकरावी-बारावी सायन्स म्हणून इंग्लिश, वाचलेलं कळतं पण लिहिताना अडखळते. आणि शेवटचं, मला रक्ताचं काही वाटत नाही पण वास सहन होत नाहीत, मळमळतं. याला काही उपाय असतो का?

वॉर्ड_नं_सात :
अभिनंदन गं. मी सरकारी हॉस्पिटलात सर्जरी वॉर्डला आहे, फर्स्ट इयरच्या मुली दरवर्षी आमच्याकडे पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात काम शिकायला, येतात त्यामुळे तुझ्यासारख्या पुष्कळ बघितल्यात.

अवघड म्हणू नको, भरगच्च म्हण. पुस्तकातलं एकेक पान बारावीच्या फिजिक्सएवढं डोकं खात नाही. पण पोस्टिंग सुरू झालं की सकाळी वॉर्ड, दुपारी लेक्चर आणि रात्री लिखाण असे तीन दिवस एका दिवसात बसवायचे असतात आणि तेच सुरुवातीला जड जातं. साडेसात-आठला ओव्हर असतो, म्हणजे नाईटची सिस्टर एकेका कॉटपाशी थांबून सकाळच्या सिस्टरला सांगत जाते, कोणाचं आज ऑपरेशन, कोण उपाशी ठेवलंय, कोणाच्या ड्रेनला (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीला) किती आलं, कोणाला रात्री ताप होता. त्याच्या आत केस नेटमध्ये, नखं कापलेली, हातात सेकंदकाट्याचं घड्याळ, अशी तू कॉटपाशी उभी पाहिजेस. दुपारी जेवून लेक्चरला बसलं की डोळे मिटतात, सगळ्यांचेच मिटतात.

सुरुवातीचे काही आठवडे कॉलेजात आणि स्किल लॅबमध्येच जातात, पुतळ्यावर सगळं करून घेतात. मग वॉर्ड. आणि वॉर्डात पहिल्यांदा काय मिळतं तर कॉट लावणं, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी, स्पंज (पेशंटचं अंग पुसणं), तोंडाची निगा, बेडपॅन. पुष्कळ मुली इथे खट्टू होतात, की हेच करायला आलो का आम्ही. तर एक सांगते. टीपीआरमधला आर म्हणजे श्वास. तो मोजताना पेशंटला कळता कामा नये, कळलं की माणूस आपोआप वेगळा श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून काढायची नाहीत, हात तसाच धरून नजर छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. आता कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघडून बघ, सगळ्यांचे श्वास २० लिहिलेले दिसतील, कारण मोजायला मिनिटभर कोणी थांबत नाही. पेशंट बिघडायला लागला की पुष्कळदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो. ज्या मुलीने खरंच मोजून २८ लिहिलं आणि येऊन सांगितलं, तिच्यामुळे डॉक्टर अर्धा-एक तास आधी कॉटपाशी पोचतो. त्या अर्ध्या तासाला काय किंमत आहे ते तुला तिसऱ्या वर्षी कळेल, पण सवय पहिल्याच वर्षी लागते.

वासाचं नंतर लिहिते, ड्यूटीला निघालेय.

चिंचेची_बोरं :
वर ताईंनी सगळं लिहिलंच आहे. माझं एकच, बूट चांगले घे. एक नंबर मोठे. दुपारपर्यंत पाय सुजतात.

कोकणकडा :
राग मानू नका पण स्पष्ट लिहितो. चार वर्षं घालवून, फी भरून, खासगीत पंधरा-वीस हजारावर सुरुवात. त्यापेक्षा बीफार्म कर, नाहीतर पॅरामेडिकलचं काहीतरी कर. माझी चुलत बहीण नर्स आहे, सणावाराला कधी घरी नसते. गणपतीत सुद्धा नाही. मुलीला आत्ताच सांगितलेलं बरं.

दोन_घोट_चहा :
@कोकणकडा, बीफार्म झालेल्यांचे पगार बघितलेत का तुम्ही हल्ली?

परळकर_सिस्टर :
कोकणकडा, पगाराचं तुम्ही म्हणता ते खासगीत खरं आहे आणि ती आमची जुनी तक्रार आहे. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने समिती नेमली होती, २०१६ मध्ये तिने शिफारस केली की ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही २० हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि २०० खाटांच्या वरच्या हॉस्पिटलांनी सरकारी नर्सच्या बरोबरीने द्यावं. कागदावर आहे, अंमल कुठे कुठे आहे ते सगळे जाणतात. पण त्या बाजूला सरकारी भरती, रेल्वे, एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा, ईएसआयची हॉस्पिटलं, हे सगळं बीएस्सीवाल्यांना खुलं आहे. गावात राहायचं असेल तर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जाता येतं. पहिली नोकरी बघून कोर्स तोलू नका.

गणपतीचं मात्र मान्य. माझी कितीतरी विसर्जनं वॉर्डात गेली. त्या दिवशी कॅज्युअल्टीला कोणीतरी लागतंच ना.

पाठ_नियोजन :
मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, म्हणून अभ्यासाचं मी लिहिते.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०२१-२२ पासून सेमिस्टर पद्धत आणलीय, आठ सेमिस्टर. आधीच्या बॅचच्या ताया वर्षाच्या हिशोबाने सांगतील, ते जसंच्या तसं घेऊ नकोस. पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशन. दुसऱ्याला बायोकेमिस्ट्री, न्यूट्रिशन, फाउंडेशनचा दुसरा भाग आणि कॉम्प्युटरशी संबंधित एक विषय. मायक्रो, फार्मा, पॅथॉलॉजी तिसऱ्यापासून सुरू होतात आणि तिथे खरा भार येतो. शेवटचं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिप. महाराष्ट्रात परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

मुली मार खातात त्या दोन ठिकाणी. पहिलं हजेरी. थिअरीला ८० टक्के, प्रॅक्टिकलला ८० टक्के असेल तरच परीक्षेला बसता येतं, आणि पदवी मिळायच्या आधी प्रॅक्टिकलचे तास पूर्ण शंभर टक्के भरून द्यावे लागतात. म्हणजे मामेबहिणीच्या लग्नाला चार दिवस गेलीस तर वॉर्डाचे ते चार दिवस सुट्टीत भरायचे. दिवाळीचं रिझर्व्हेशन करायच्या आधी हे डोक्यात ठेव. दुसरं अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी. एका सेमिस्टरमध्ये संपतं, म्हणजे हाताशी जेमतेम सहा महिने, आणि मुली पहिले दोन महिने हॉस्टेलला रुळण्यात घालवतात. अ‍ॅनाटॉमीला रोज एक आकृती काढ. हृदय, नेफ्रॉन, पचनसंस्था, मेंदूचे भाग. पेपरात नाव दिलेली स्वच्छ आकृती असली की इंग्लिश वाक्य थोडं तुटकं असलं तरी तपासणाऱ्याला कळतं की मुलीला विषय समजलाय.

मराठी मीडियमचं दडपण घेऊ नको. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली तशाच येतात. रोज रात्री त्या दिवशी वॉर्डात बघितलेल्या एका पेशंटबद्दल पाच ओळी इंग्लिशमध्ये लिही. वय, तक्रार, काय केलं, आता कसा आहे. बास. या पाच ओळीच पुढे रिपोर्ट लिहिताना आणि व्हायव्हाला कामी येतात. आणि तुझं मराठी हा वॉर्डातला मोठा फायदा आहे. सोलापूर जिल्ह्यातली आजी पुण्याच्या हॉस्पिटलात घाबरून गप्प पडलेली असते, तू तिच्या बोलीत दोन वाक्यं बोललीस की डॉक्टरला न सांगितलेलं दुखणं तुला सांगते.

निशिगंध_बार्शी :
बापरे हजेरीचं कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद मॅडम. रोज पाच ओळी आजपासून सुरू करू का? पेशंट नाही पण आमच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांवर लिहिते :)

पाठ_नियोजन :
चालेल की. नाव-गाव मात्र लिहू नकोस, पेशंटचंही नाही आणि गिऱ्हाइकाचंही नाही. तीही सवयच.

नाव_नको_इथे :
मी थोडी दुसरी बाजू लिहिते. माझं कॉलेज खासगी होतं, नाव नको. तिथे आम्हाला वॉर्डात शिकायला पाठवायचे असं म्हणायचे पण प्रत्यक्षात स्टाफ कमी होता म्हणून पाठवायचे. ट्यूटर सकाळी सही करायला यायच्या आणि गायब. सॅम्पल लॅबला नेऊन दे, फाइल आण, फार्मसीतून औषधं आण, यातच सकाळ संपायची. इंजेक्शन कधी नीट शिकवलंच नाही. वर ओरिजिनल सर्टिफिकेटं कॉलेजात ठेवून घेतलेली, त्यामुळे सोडूनही जाता येत नव्हतं. या धाग्यावर सगळं छान छान चाललंय म्हणून लिहिलं. हे सगळीकडे नसेल, पण असतं.

वॉर्ड_नं_सात :
नाव_नको, तू लिहिलंस ते बरं झालं. फाइली नेण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, रक्ताची बाटली आणायला ब्लड बँकेत एकदा तरी स्वतः गेलं पाहिजे, तिथे काय तपासतात ते कळतं. पण रोज तेच असेल तर ती फुकटची मजुरी आहे, यात वाद नाही. आमच्याकडे मी इन्चार्ज असताना विद्यार्थिनीला सकाळी दोन-तीन पेशंट वाटून द्यायचे आणि ते पूर्ण तिचे. त्यांचा स्पंज, टीपीआर, जेवण, लिखाण सगळं तिनेच. इकडची काडी तिकडे करायला तिला कोणी बोलवायचं नाही.

नाव_नको_इथे :
ताई, तुम्ही असताना. मुद्दा तोच आहे ना. इन्चार्ज सिस्टर चांगली मिळाली तर शिकणं होतं, नाहीतर नाही. हे नशिबावर का असावं?

परळकर_सिस्टर :
हे नाव_नकोचं बरोबर आहे. नशिबावर नसावं म्हणूनच नियम आहेत की कॉलेजचं स्वतःचं निदान १०० खाटांचं हॉस्पिटल हवं. निशिगंध, तुझी अ‍ॅडमिशन झालीय तरी जाऊन बघ, हॉस्पिटलात पेशंट आहेत की रिकाम्या कॉटा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता चालू वर्षाची आहे का ते पण बघ, दोन्हीकडे यादी मिळते. आणि सर्टिफिकेटं दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल मागितली तर पोचपावती घेतल्याशिवाय हातातून सोडायची नाहीत.

फॉर्मवाला_दादा :
विषय निघालाच आहे तर फीचं. कॅपमधून आली असशील आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, २०२४ च्या जुलैचा जीआर. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरावाच लागतो, आपोआप होत नाही. एससी-एसटीच्या वेगळ्या योजना आहेत त्याही तिथेच. हॉस्टेल आणि मेस यात येत नाही, ते घरून. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आत्ताच काढून ठेव, सप्टेंबरात सेतूला रांग असते.

ब्रदर_लातूर :
मुलांसाठी पण कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून. आमच्या बॅचला मुलं मोजकीच होती. गावाकडे सांगितलं की सगळे आधी हसायचे, आजोबा म्हणाले पोरींचं काम. आज तेच आजोबा शेजाऱ्यांचं बीपी बघायला मला हाक मारतात. वॉर्डात मेल पेशंटना बरं वाटतं, कॅथेटर (लघवीची नळी) घालायचा असला की सिस्टर आम्हालाच बोलावतात. बाळंतपणाच्या पोस्टिंगला अवघड जातं. तिथे आधी स्वतःची ओळख सांगायची, विद्यार्थी आहे म्हणून सांगायचं, बाई नको म्हणाली तर मागे यायचं, वाईट वाटून घ्यायचं नाही. भरतीत जागा कमी असतात हे खरं, एम्सच्या नॉरसेटमध्ये ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना. म्हणजे आम्हाला जास्त अभ्यास.

आणि बूट. चिंचेची_बोरं बरोबर बोललात. पांढरे बूट पहिल्याच पावसात पिवळे पडतात, खडू लावून नेणारी मुलं बघितलीत मी.

चिंचेची_बोरं :
खडू!! आम्ही टूथपेस्ट लावायचो.

दोन_घोट_चहा :
वॉर्डात चालताना मिंटचा वास येत असेल मग. वासाचा प्रश्न सुटला बघ निशिगंध.

वॉर्ड_नं_सात :
हसून घेतलं, आता खरं सांगते, सकाळी राहिलं होतं.

वास सगळ्यांनाच येतो, आम्हालाही येतो, वर्षानुवर्षं काढली तरी येतो. तोंडावर दिसू द्यायचा नाही एवढंच शिकायचं असतं. उपाशी पोटी वॉर्डात जायचं नाही ही पहिली गोष्ट. मुली उशीर झाला म्हणून चहा-बिस्किटावर येतात आणि दहा वाजता ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी चक्कर येऊन पडतात, रक्ताने नाही, भुकेने. पोटभर खाऊन ये. चक्कर येतेय असं वाटलं तर तिथल्या तिथे खाली बस, लाजू नको, उभ्याने पडलीस तर डोकं आपटेल. मास्क लावायचा, तोंडाने हळू श्वास घ्यायचा, मास्कच्या आत थोडं बाम लावलं तरी चालतं. मोठी जखम उघडायची असेल तर ट्रेमध्ये सगळं आधी काढून ठेवायचं, म्हणजे मधेच सामान आणायला जायला लागत नाही आणि जखम उघडी राहण्याचा वेळ कमी होतो.

त्या माणसाला स्वतःचा वास आधीच माहीत असतो गं. बायका तोंड फिरवून पडतात, आयाबाईला सॉरी सॉरी म्हणत राहतात. पडदा ओढून घे, अंग झाकून जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेव, पाणी कोमट आहे का आपल्या मनगटावर बघ आणि दुसरंच काहीतरी बोलत राहा, गाव कुठलं, मुलं किती. हात कामात गुंतले की मळमळ मागे पडते. बहुतेक मुलींचं दोन-तीन आठवड्यात जमतं.

सदाशिव_काका :
मी या क्षेत्रातला नाही, पण लिहावंसं वाटलं. आमच्या सौ.ला अर्धांगाचा झटका आला तेव्हा सरकारी हॉस्पिटलात बरेच दिवस काढले. वॉर्डात नर्सिंगच्या मुली यायच्या. त्यातल्या एका मुलीने मला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते शिकवलं, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, टाचेखाली उशी नाही तर पोटरीखाली, म्हणजे टाच अधांतरी राहते. घरी आणल्यावर आम्ही तेच केलं, एकही जखम झाली नाही. मी शिवाय रोज तेलाने पाठ चोळायचो.

पाठ_नियोजन :
काका, फार छान केलंत. फक्त कोणी वाचून करेल म्हणून लिहिते, कातडी कोरडी पडू नये म्हणून हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण जिथे लाल झालंय आणि दाबलं तरी लाली जात नाही तिथे चोळायचं नाही. आतली इजा वाढते. पूर्वी आम्हालाच स्पिरिट-पावडर लावून चोळायला शिकवलं होतं, आता पुस्तकं नको म्हणतात. त्या जागेवरचा भार काढायचा आणि दाखवायचं.

परळकर_सिस्टर :
काकांनी विषय काढला म्हणून सांगते. अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्याच सिस्टर होत्या. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, २०१५ मध्ये त्या गेल्या. मधली ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली सुप्रीम कोर्टात त्यांचं प्रकरण होतं तेव्हा निकालात सुद्धा नोंद झाली की इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना एकही बेडसोर (पडून राहून होणारी जखम) नाही. एकही. हे काही कुठल्या मशीनने झालेलं नाही. कूस बदलणं, स्पंज, चादर ताठ ओढणं, भरवणं, फर्स्ट इयरला शिकवतात तेच, पाळीमागून पाळी. स्पंजला कंटाळलेल्या मुलींना मी हे नेहमी सांगत आलेय.

टेम्सकाठी :
परदेशाचं कोणीतरी विचारेलच म्हणून. मी मिरजेची, सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत. इथे पदवीला २३०० तास प्रत्यक्ष कामाचे लागतात, म्हणजे कोर्सचा अर्धा भाग वॉर्डात, शिफ्ट बारा-बारा तासांच्या. जड इथेही आहेच. भारतातून यायचं तर इंग्लिशची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची, मग प्रत्यक्ष काम करून दाखवायची. त्या शेवटच्या परीक्षेत काय असतं तर पेशंटला तपासून माहिती घ्या, केअर प्लॅन लिहा, हात धुऊन दाखवा, श्वास मोजा. वॉर्ड_नं_सात ताई लिहितात तेच सगळं. केअर प्लॅनला आम्ही कॉलेजात प्रचंड नावं ठेवायचो, सीनियरचं बघून उतरवायची पद्धतच होती. उतरवू नकोस गं. प्रत्येक पेशंटला आपल्या शब्दात लिही. ज्यांनी उतरवून काढलं त्यांना इथे येऊन पुन्हा पहिल्यापासून शिकायला लागतं.

कोकणकडा :
चर्चा वाचतोय. कूस बदलण्याचं आणि अरुणाताईंचं वाचून बहिणीला फोन केला. ती म्हणाली पगारासाठी भांडते पण काम सोडणार नाही. माझा मुद्दा पगाराचाच आहे, तो कायम. कामाबद्दल मी काही वाईट बोललो असं वाटलं असेल तर तसं नाही.

आईची_डायरी :
निशिगंध, तुझ्या आईला हे वाचायला दे. माझी मुलगी नागपूरला तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी नाईट नव्हती, पुढे संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पोस्टिंग आल्या पण हॉस्टेल ते हॉस्पिटल मुली एकत्र जातात-येतात, ट्यूटर किंवा वॉर्डन बरोबर असते. तरी कॉलेजला तोंडावर विचारायचं, नाईटला मुलींना नेतं-आणतं कोण, वॉर्डात आराम करायला खोली आहे का, रात्री जेवणाची सोय काय. आम्ही विचारलं, त्यांना राग आला नाही.

पहिल्या सेमिस्टरला ती रोज रडून फोन करायची, परत येते म्हणायची. मी ये म्हणाले नाही आणि राहा असंही म्हणाले नाही, डबाभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन भेटायला गेले. रूममधल्या पोरींनी एका रात्रीत डबा रिकामा केला. आता फोन केला की वेळ नसतो तिला.

चिंचेची_बोरं :
लाडवांची पाककृती टाका ना.

आईची_डायरी :
वेगळा धागा काढते.

दिवा_लागला :
सध्या इंटर्नशिप चालू आहे माझी. एका गोष्टीवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय, पोस्टिंगमधला पहिला मृत्यू. पहिल्याच वर्षी येऊ शकतो. माझ्या वेळी ज्या आजोबांना मी सकाळी पेज भरवली होती तेच दुपारी गेले. त्यानंतर करायचं काम असतं, आणि ते विद्यार्थिनींना शिकवतात. डोळे मिटवायचे, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, कपडे नीट करायचे, हातापायाला नावाची चिठ्ठी बांधायची. आमच्या सिस्टर त्या वेळीही त्यांना 'आजोबा, आता कूस वळवते हं' असं सांगत होत्या. बाहेर त्यांचा मुलगा होता, त्याला आत बोलावण्याआधी सिस्टरने चादर बदलायला लावली. मला तेव्हा रडू आलं तर त्या म्हणाल्या बाथरूममध्ये जाऊन ये, मग आपण दोघी चहा पिऊ. तशी सिस्टर भेटली नाही तर स्वतःहून कोणाशी तरी बोल, रूममेटशी, ट्यूटरशी. आतल्या आत ठेवू नको.

ब्रदर_लातूर :
@दिवा_लागला, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आम्हा मुलांना तर कोणी रड असं पण म्हणत नाही.

निशिगंध_बार्शी :
दोन दिवस सगळं वाचतेय, आईलाही वाचून दाखवलं. तिला नाईटचं पटलंय. बाबांनी अरुणा शानबाग यांच्याबद्दलची पोस्ट दुकानात मोठ्याने वाचली.

दोन गोष्टी राहिल्या. सुई टोचली तर काय करायचं, एड्स वगैरे होतो म्हणून मावशी घाबरवतेय. आणि जायच्या आधी हा महिना काय करू, आत्ताच सलाईन वगैरे शिकून घेऊ का? गावातले एक डॉक्टर काका ये म्हणालेत.

वॉर्ड_नं_सात :
सलाईन आत्ता शिकू नको. विद्यार्थिनी म्हणून नाव लागायच्या आधी कोणाच्या अंगात सुई घालायची नाही, डॉक्टर काका ओळखीचे असले तरी. त्यांच्याकडे जाऊन बीपी बघायला शीक. कफ कोपराच्या दोन बोटं वर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, माणूस पाच मिनिटं शांत बसलेला आणि गप्प. बोलत असला की आकडा वाढतो. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरायची, नाडी जिथे लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा, मग स्टेथो लावून त्या आकड्याच्या वर आणखी ३० भरायचं आणि सावकाश सोडायचं. पन्नास माणसांचं झालं की कान तयार होतो.

गणित थोडं घोटून ठेव. ५०० मिलीची बाटली ८ तासांत द्यायची आणि सेटमधून मिलीला २० थेंब पडत असतील तर मिनिटाला किती? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, ८ तासांची ४८० मिनिटं, म्हणजे साधारण २१. हे तिथे कॉटपाशी उभं राहून मनात करायचं असतं.

सुईचं. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, पुष्कळ टोचण्या तिथेच टळतात. सुई लगेच पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच मिनिटाला इन्चार्जला सांगायचं, ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी, शक्यतो दोन तासांच्या आत, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग होत नाही. हिपॅटायटिस बीची भीती त्यापेक्षा जास्त धरायला हवी आणि त्याला लस आहे. लहानपणीचं लसीकरण कार्ड काढून बघ. त्यात नसेल तर आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस लागतात, म्हणजे पहिला बार्शीतच होऊन जाईल, दुसरा पुण्यात आल्या आल्या. मावशीलाही सांग.

निशिगंध_बार्शी :
कार्ड सापडलं, हिपॅटायटिसच्या रकान्यात काहीच नाही. उद्या सकाळी जाते.

फॉर्मवाला_दादा :
जातेस तशी येताना तहसीलला पण जा, उत्पन्नाच्या दाखल्याचं लक्षात आहे ना.

चिंचेची_बोरं :
आणि बूट पुण्यातच घे, संध्याकाळी जाऊन, पाय सुजलेले असताना मापाचे मिळतात.